विकण्याआधीची चकाकी

मोटार विकायची ठरली, की माणूस ती धुवायला घेतो. ही गोष्ट इतकी सर्वसामान्य आहे, की तीत काही नैतिक प्रश्न दडलेला असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पाहुणे येणार असले की आपण अंगण झाडतो, पोळ्याला बैलाची शिंगे साळून त्यांना रंग देतो, नाताळाआधी चर्चच्या भिंतींना चुना काढतो. मग जुनी मोटार दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तिचा रंग उजळून घेतला, तर त्यात विचार करण्यासारखे ते काय? आम्हांलाही असेच वाटत होते. परंतु आमच्या धर्मग्रामाची मोटार देऊन नवी घेण्याची वेळ आली, आणि दोन दिवसांच्या रंगकामाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या परीक्षेत तो आम्ही बिनचूक सोडवला होता. आयुष्यात सोडवण्याची पाळी मात्र आली नव्हती. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोटार चौदा वर्षांची. चांदीच्या रंगाची, एमएच ३२ क्रमांकाची. वर्धा जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामाच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. एका वस्तीवरची मिस्सा आटोपून दुसरीवर पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येते. या चौदा वर्षांत त्या मोटारीने बाळंतिणींना रुग्णालयात पोहोचवले, म्हाताऱ्यांना मिस्सेला आणले, शाळेची पुस्तके आणि बियाण्याच्या पिशव्या वाहिल्या. तिने आम्हांला कधी दगा दिला नाही. आम्ही मात्र तिची हेळसांड केली. इंजिनचे तेल वेळच्या वेळी बदलले, कारण ते न बदलले तर गाडी अडते. रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही, कारण रंगावाचून कोणाचे काही अडत नाही.

मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि रंगावर एक पारदर्शक थर असतो. कारागीर त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. खालच्या रंगाचे आणि पत्र्याचे सारे रक्षण त्याच्यावर सोपवलेले असते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हातील अतिनील किरण हा थर हळूहळू जाळत राहतात. त्यात पाखरांची विष्ठा, कडुनिंबाचा चीक आणि बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले पांढरे डाग यांची भर पडते. चकाकी जाते, थर धुरकट होतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या मोटारीचे टप आणि बॉनेट याच अवस्थेला आले होते.

धर्मग्रामाच्या आर्थिक समितीतील एका सभासदाने सुचवले, “फादर, गाडी एक्स्चेंजला नेण्याआधी रबिंग-पॉलिश करून घ्या. तीन-चार हजार जातील, पण किंमत चांगली येईल.” सूचना व्यवहाराची होती. आम्ही वर्ध्यातील एका ओळखीच्या कारागिराकडे मोटार नेली, आणि दुसरे काम नसल्याने त्याचे काम पाहत बसलो. त्याने मोटार आधी शाम्पूने धुतली. मग मातीसारख्या मऊ गोळ्याने पत्रा चोळून त्यात रुतलेले कण काढले. त्यानंतर कंपाउंड लावून फिरत्या यंत्राने तो एकेक भाग घासू लागला. हे काम पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. तो मोटारीला काही लावत नव्हता. मेलेला थर काही मायक्रॉनपुरता घासून काढत होता आणि त्याच्याखाली जो थर अजून जिवंत होता, त्याला उजेडात आणत होता. जिथे पापुद्रे सुटले होते तिथे त्याने हात टेकले. तिथे घासून भागत नाही, नवा रंगच मारावा लागतो, असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटार चर्चच्या आवारात आणली तेव्हा मुले तिच्याभोवती जमली. दाराच्या पत्र्यात त्यांना आपापले चेहरे दिसत होते. एक आजी रोजरीसाठी येत होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “फादर, नवी घेतली काय?” आम्ही हसून नाही म्हटले. पण मनात कुठेतरी टोचले. हे रूप चौदा वर्षे या मोटारीतच होते. ज्यांनी तीतून प्रवास केला त्यांना ते कधी दिसले नाही. जो तिला विकत घेणार, त्या अनोळखी माणसासाठी ते आम्ही बाहेर काढले होते. आणि तेही प्रेमापोटी नव्हे, किमतीपोटी.

ही खंत मनातच राहिली असती. परंतु खरा प्रश्न पुढेच होता.

पाच वर्षांपूर्वी एका आजाऱ्याला अंत्यविधीचे संस्कार देऊन आम्ही रात्री परतत असताना रस्त्यावर अचानक रोही आडवा आला. इतरत्र ज्याला नीलगाय म्हणतात तो हा प्राणी आमच्या भागात शेतकऱ्यालाही ठाऊक आहे आणि रात्री वाहन हाकणाऱ्यालाही. मोटारीची डावी पुढची बाजू चेपली. आतली पट्टी वाकली होती. ती नीट सरळ करायची तर यंत्रावर चढवून ओढावी लागेल आणि काही भाग बदलावे लागतील, असे सांगण्यात आले. खर्च मोठा होता. आम्ही स्वस्तातला उपाय निवडला. पत्रा ठोकून जमेल तितका सरळ केला, उरलेला खड्डा लांबीने भरला आणि वरून रंग मारला. मोटारीचे काम करणारे पुट्टीला लांबी म्हणतात, हे वाचकांना माहीत असेलच. तेव्हापासून वेगात असताना जोराचा ब्रेक लावला, की मोटार डावीकडे ओढली जाते. सवयीने आम्ही ते सांभाळून घेत असू.

जुन्या रंगात ती लांबीची जागा थोडी वेगळी उठून दिसे. पॉलिशनंतर ती दिसेनाशी झाली. कारागीर आपल्या कामावर खूश होता. तो म्हणाला, “आता हे ज्यानं बनवलं त्यालेच दिसंन, फादर. बाकी कोणाले नाई.” आम्ही विचारले, “घेणाऱ्याला हे सांगायला नको का?” तो आमच्याकडे नवलाने पाहू लागला. “त्यायनं इचारलं तं सांगा. इचारल्याबिगर सांगाचं काहून?”

विचारल्याविना का सांगावे? वर्ध्यातील कारागिराचा हा सवाल दोन हजार वर्षांहून जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यावर ग्रंथ लिहिला, त्यात एक उदाहरण दिले आहे. एका माणसाला घर विकायचे आहे. ते आरोग्याला घातक आहे, त्याच्या खोल्यांतून साप निघतात. आणि हे धन्याखेरीज कोणालाच माहीत नाही. त्याने ते गिऱ्हाइकाला सांगावे काय? सिसेरो या वादात दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. एकाचे म्हणणे असे, की आम्ही कोणाला घर घे म्हणून गळ घातली नाही. कायदा सांगतो तेवढे सांगितले म्हणजे झाले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हाच जर अपराध, तर माणसाला जाणूनबुजून खड्ड्यात जाऊ देणे त्याहून मोठा अपराध होय. सिसेरो स्वतः दुसऱ्याच्या बाजूने कौल देतो. आपल्या फायद्यासाठी, जे आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्याला कळू नये अशी इच्छा धरणे, यालाच तो लपवणे म्हणतो.

आपल्या देशाचा कायदा मात्र पहिल्याच्या जवळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात एका घोड्याचे उदाहरण आहे. घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते. तो लिलावात घोडा विकतो आणि त्या खोडीबद्दल अवाक्षरही काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. परंतु त्याच कलमात पुढे असेही सांगितले आहे, की घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा धड आहे असे मी समजेन”, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच समजावे. आणि दोष मुद्दाम झाकून ठेवणे ही तर कायद्याच्या लेखीही फसवणूकच आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचेही मूळ सूत्र हेच, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. म्हणजे आमचा कारागीर, त्याला माहीत नसताना, कायद्याचेच बोलत होता.

मात्र कायदा जिथे थांबतो तिथे सदसद्विवेकाला थांबता येत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांची भूमिका कोणत्याही टोकाची नाही, म्हणूनच ती आजही उपयोगी पडते. ते म्हणतात, दोष जर उघड असेल, जसे घोडा एका डोळ्याने आंधळा आहे, आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तो दोष ओरडून सांगण्याचे बंधन नाही. पण दोष जर लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर तो न सांगता विकणे अन्याय आहे. त्यांची उदाहरणे तीन आहेत: लंगडणारा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे आणि नासलेले वा विषारी अन्न चांगले म्हणून विकणे.

त्याच ठिकाणी ते एका शंकेचेही उत्तर देतात. मग काय दवंडी पिटून आपल्या मालाची बदनामी करावी? थॉमस म्हणतात, नाही. दवंडी ऐकून लोक दोषच ऐकतील आणि मालाचे गुण पाहायला येणारच नाहीत. परंतु जो प्रत्यक्ष घ्यायला समोर येतो, त्याला मात्र दोष सांगितला पाहिजे. म्हणजे त्याला गुण आणि दोष दोन्ही एकत्र ठेवून तोलता येतात.

हे वाचले तेव्हा आमच्या मनातील गुंता बराचसा सुटला. पॉलिश करणे हे पाप नव्हे. उलट, जे गुण मोटारीत खरोखर आहेत, ते घेणाऱ्याला दिसावेत यात काहीच गैर नाही. धूळ आणि मेलेला थर हेही एक प्रकारे सत्य झाकीत होते. परंतु लांबीचे तसे नाही. पॉलिशने जे आहे ते दिसले. लांबीमुळे जे नाही ते असल्यासारखे दिसत होते. प्रश्न असा होता, की दोन्ही कामे एकाच पत्र्यावर शेजारी-शेजारी झाली होती. पॉलिश केलेल्या दाराकडे पाहून घेणाऱ्याचा विश्वास बसणार, आणि त्याच विश्वासाने तो लांबीच्या जागेवरून नजर पुढे नेणार. खऱ्या चकाकीने खोट्या जागेची जामीनकी घ्यावी, असा तो प्रकार होता. म्हणून आमच्या मते सीमारेषा कारागिराच्या फडक्यात किंवा यंत्रात शोधू नये. ती विकणाऱ्याच्या तोंडात असते. जी चकाकी आणल्यानंतरही आपण दोष मोकळेपणाने सांगू शकतो, ती स्वच्छता होय. जी चकाकी दोष सांगावा लागू नये म्हणून आणलेली असते, ती फसवणूक होय.

येथे व्यवहारी माणूस तीन आक्षेप घेतो, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप: मोटार काही गरीब माणसाला विकायची नाही, व्यापाऱ्याला द्यायची आहे. तो या धंद्यात मुरलेला असतो. त्याला फसवणार तरी कोण? हे खरे आहे, की जाणत्याशी आणि अजाणत्याशी व्यवहार करताना बंधनाचे वजन सारखे नसते. पण मोटार व्यापाऱ्याच्या अंगणात थोडीच राहणार? ती पुढे कोणाकडे तरी जाणार. जुनी मोटार कोण घेते, हे आम्ही रोज पाहतो. पहिल्यांदा चारचाकी घेणारा शिक्षक, प्रवासी वाहतूक करून पोट भरू पाहणारा तरुण, दोन मुलांना दुचाकीवर बसवून थकलेले जोडपे. सामृद्धीच्या शोधात निघालेल्या याच माणसाच्या पायाखाली तो ब्रेक येणार आहे. प्रभू येशूने शेजारी कोण या प्रश्नाला उत्तर देताना रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाचीच गोष्ट सांगितली, हे आपण विसरू नये.

दुसरा आक्षेप: सगळेच असे करतात. याचे उत्तर धर्मशास्त्राआधी अर्थशास्त्राने दिले आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना ज्या कामगिरीसाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तिच्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोटारीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक मोटार सदोष असेल असे धरूनच भाव करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात. म्हणजे सगळेच गप्प राहिले, की त्याची किंमत खरे बोलणाऱ्याला मोजावी लागते. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण शहाणपणा म्हणून सांगतो. पण जगाने एकदा ती मनावर घेतली, की जे खरोखर दिसते तसे असते, त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आमच्या लोकांना हे समजावून सांगण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारात गाड्या लागतात. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली फरदडीचा आखूड धाग्याचा कापूस भरणारे असतात. वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडणारेही असतात. म्हणून पारखणारा वरचा कापूस पाहत नाही, कोपरापर्यंत हात आत घालतो. आर्द्रता ८ टक्क्यांच्या वर गेली की सरकारी खरेदीत भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर गेली की कापूस नाकारला जातो. आणि ज्याने प्रामाणिकपणे कोरडा कापूस आणला, त्याच्याकडेही आधी संशयानेच पाहिले जाते. दुसऱ्या बाजूला काटा मारणारे व्यापारीही आहेतच. खोटा तराजू धरून गव्हासोबत कोंडाही विकणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने जो कोप केला, तो आमच्याकडे वाचून दाखवला, की चर्चमध्ये शांतता पसरते. कारण ऐकणाऱ्यांत विकणारे असतात आणि घेणारेही असतात. दरवर्षी वेदीवरून आम्ही सांगतो, की कापसावर पाणी शिंपडू नका. मग आमच्या मोटारीवरच्या लांबीचे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड होता, कारण तो आमच्या पदालाच धरून होता. तो पुढे येईलच.

मोटार घेऊन आम्ही एक्स्चेंजसाठी गेलो. तेथील तरुणाने मोटारीभोवती फेरी मारली, पत्र्यावर बोटाने दोन-चार ठिकाणी वाजवून पाहिले, इंजिन चालू करून ऐकले आणि कागदपत्रे चाळली. मोटार ठेवली छान आहे, असे तो म्हणाला. त्याने भाव सांगितला: दीड लाख. आम्ही काही बोललो नसतो, तर सौदा तिथेच पुरा झाला असता. त्याने अपघाताविषयी विचारले नाही. कारागिराच्या कसोटीला आम्ही अगदी उतरलो असतो. खरे सांगायचे तर काही क्षण आम्ही गप्पच होतो, आणि त्या क्षणांत सिसेरो आणि संत थॉमस यांच्याऐवजी नव्या मोटारीचे हप्ते डोळ्यांपुढे आले. मग आम्ही त्याला डावी बाजू दाखवली, रोह्याची हकीकत सांगितली आणि जोराच्या ब्रेकला मोटार ओढली जाते हेही सांगितले. त्याने पुन्हा पाहिले, आत जाऊन आला आणि भाव सव्वा लाखावर आणला.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. आमची मूठ झाकलेली होती तेव्हा दीड लाखाची होती. उघडली तेव्हा ती सव्वा लाखाची झाली. गंमत म्हणून हे आम्ही समितीच्या बैठकीत सांगितले. कोणी हसले नाही. ज्यांनी पॉलिशची सूचना केली होती, तेच सभासद शांतपणे म्हणाले, “फादर, पंचवीस हजार तुमच्या खिशातून गेले असते, तर पुण्य तुमचे होते. हे पैसे धर्मग्रामाचे होते. त्यांत विधवांच्या दानाचेही पैसे आहेत. दुसऱ्याच्या पैशावर प्रामाणिक होणे सोपे असते.”

हाच तो तिसरा आक्षेप. आम्ही तो मनापासून ऐकला, कारण त्यात तथ्य होते. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १२८४ वे कलम सांगते, की ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याने तो चांगल्या कुटुंबप्रमुखाच्या दक्षतेने करावा. चांगला कुटुंबप्रमुख घरचे पैसे उधळत नाही, उदारपणाच्या नावाखालीही नाही. पण आम्ही त्या सभासदांना एवढेच विचारले, की ते पंचवीस हजार नेमके कोणाचे होते? मोटार जशी होती तशी तिची किंमत सव्वा लाख होती. वरचे पंचवीस हजार हे मोटारीचे नव्हते, घेणाऱ्याच्या अज्ञानाचे होते. दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेच्या उल्लंघनांत मोजले आहे. जे धर्मग्रामाचे कधीच नव्हते, ते आम्ही गमावले कसे? विधवेच्या दानात अनोळखी माणसाकडून नकळत काढलेले पैसे मिसळले, तर तिच्या दानाचा मान वाढत नाही.

ते सभासद काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे विचारले, ते आम्ही अद्याप विसरलो नाही. ते म्हणाले, “ठीक आहे, फादर. घेणाऱ्याला सांगितलेत ते बरे केलेत. पण गाडी डावीकडे ओढते, हे आम्हांला कधी सांगितले नव्हते तुम्ही. माझी सून बाळंतपणाला याच गाडीतून गेली होती.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ज्या दोषाची खबर आम्ही एका परक्या माणसाला देण्यासाठी एवढा शास्त्रार्थ केला, तो दोष पाच वर्षे आम्ही आमच्याच माणसांपासून झाकून ठेवला होता. झाकायचा असा विचारही केला नव्हता. नुसते सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नव्हते म्हणून. आम्ही त्या मोटारीतून बाळंतिणी नेल्या, म्हातारे नेले, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारायला निघालेली मुले नेली. दुरुस्तीचे पैसे वाचवल्याचे समाधानही बाळगले. चांगला कुटुंबप्रमुख त्या पाच वर्षांत कुठे गेला होता? देवाच्या दयेने काही अघटित घडले नाही. पण ते घडले नाही यात आमचे काही कर्तृत्व नाही. त्या बैठकीत आम्ही सर्वांची क्षमा मागितली.

तेव्हा आमच्या लक्षात आले, की हा प्रश्न विक्रीच्या दिवशी सुरू होतच नाही. हेळसांड आणि मौन ही जुळी भावंडे आहेत. जे दुरुस्त करायचे नसते, त्याविषयी आपण बोलत नाही. आणि ज्याविषयी बोलत नाही, ते दुरुस्त होत नाही. विक्रीचा दिवस येतो तेव्हा घाईघाईने पॉलिश करावे लागते, कारण त्या दिवशी कोणीतरी पाहणार असतो. मोटारीचेच असे नाही. पुष्कळ घरांत म्हाताऱ्या आईला नवे लुगडे मिळते ते परगावचे पाहुणे येणार असतात त्या दिवशी. पुष्कळ जण पापनिवेदनाला येतात ते लग्नाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. प्रभू त्यांनाही परत पाठवत नाही, आणि आम्हीही पाठवू नये. पण आत्म्याला शेवटच्या दिवशीच उजळायचे, असा बेत करणारा माणूस मधल्या वर्षांत त्याच आत्म्याने आपल्या माणसांना वागवत असतो, हे त्याने ध्यानात घ्यावे.

प्रभू येशूने परुश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली. त्या काळी वल्हांडणाच्या सणापूर्वी कबरींना चुना लावत, तो मुळात शोभेसाठी नव्हे. वाटसरूला कबर दुरून दिसावी आणि नकळत स्पर्श होऊन तो अशुद्ध होऊ नये, यासाठी ती खूण होती. म्हणजे तो चुना सावध करणारा होता. पुढे तोच शुभ्रपणा बाहेरून साजरा दिसू लागला आणि आतल्या हाडांवरचे पांघरूण ठरला. आपल्या मराठीत तर ‘चुना लावणे’ याचा अर्थच फसवणे असा झाला आहे. चुना तोच, तो सांगतो की लपवतो, एवढाच फरक.

आमच्या वर्ध्याला या बाबतीत शिकवायला बाहेरच्या कोणाची गरज नाही. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी मातीची आणि बांबूची आहे. मातीच्या घराला एका दिवसाची चकाकी देता येत नाही. ते नेहमी सारवावे लागते, दर पावसाळ्यानंतर लिंपावे लागते; कोणी पाहणार असो वा नसो. सारवण काही झाकत नाही, ते घर टिकवते. त्याच काळची एक आठवण येथे सांगितली जाते. जमनालाल बजाज यांच्याकडे एक जुनी फोर्ड मोटार होती. तिला पुढे बैल जुंपून वापरत, आणि बैलाला इंग्रजीत ऑक्स म्हणतात म्हणून तिला विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. त्या मोटारीचे इंजिन चालत नव्हते, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत होते. तिच्याविषयी कोणाची फसगत होण्याची सोयच नव्हती.

आमच्या मोटारीचे शेवटी काय झाले, ते सांगून हा लेख संपवतो. सौदा झाल्यावर आम्ही त्या तरुणाला विचारले, की ही अपघाताची गोष्ट पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार ना? तो प्रामाणिक होता. तो म्हणाला, “फादर, मी आमच्या कागदावर लिहिलं आहे. पुढे सांगायचं की नाही, ते वरचे लोक ठरवतात.” तेव्हा आम्ही तिथेच बसून एका कागदावर अपघाताचा महिना, वर्ष, लांबीची जागा आणि ब्रेकचा दोष स्वच्छ अक्षरांत लिहिला, खाली सही केली आणि तो कागद सर्व्हिसच्या पुस्तकात ठेवला. तो कागद पुढच्या माणसाच्या हाती पडला, की कोणी मधेच काढून टाकला, हे आम्हांला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून रस्त्यावर चांदीच्या रंगाची एखादी जुनी मोटार समोरून आली, की आम्ही अजूनही तिचा क्रमांक पाहतो, आणि आत बसलेल्यांसाठी मनातल्या मनात एक प्रार्थना करतो.

नवी मोटार आता आवारात आहे. दर शनिवारी संध्याकाळी धर्मग्रामातील दोन मुले ती धुतात, आणि आम्हीही बादली घेऊन त्यांच्यासोबत असतो. दाराच्या आत एक लहान वही अडकवली आहे. मोटारीत काही बिघडले, तर ते ज्याच्या लक्षात येईल त्याने तीत लिहायचे आणि बसणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायचे. आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत. पहिली नोंद आमच्या हातची आहे.